व्हेरिएबलची हद्द आणि मुक्काम

समजा, एका तालुक्याच्या वाचनालयासाठी पीएचपीत छोटं संकेतस्थळ बांधायचं आहे. वाचनालयाचं नाव, महिन्याची वर्गणी आणि पुस्तक उशिरा परत केलं तर रोजचा दंड, या तीन गोष्टी एका फाइलीत व्हेरिएबल म्हणून लिहून ठेवल्या. तिला सेटिंग्जची फाइल म्हणू. मुख्य पानात ती इन्क्लुड केली, $दंडदर छापून पाहिला, आकडा बरोबर आला. मग त्याच पानात खाली दंड मोजणारं फंक्शन लिहिलं: उशिराचे दिवस घ्यायचे, त्यांना $दंडदरने गुणायचं, उत्तर परत द्यायचं. उत्तर येतं शून्य, आणि सोबत इशारा येतो की या नावाचा व्हेरिएबलच नाही. चार ओळी वर धडधडीत दिसणारा आकडा फंक्शनमध्ये शिरताच बेपत्ता होतो.

(नाव देवनागरीत लिहिलं ते खरोखर चालतं. पीएचपीत व्हेरिएबलच्या नावात १२८ आणि त्यापुढचा कोणताही बाइट चालतो, आणि यूटीएफ-८ मधलं प्रत्येक देवनागरी अक्षर अशाच बाइटांचं बनलेलं असतं. किमती लिहिताना मात्र इंग्रजी आकडेच लागतात.)

नवशिका इथे हमखास एक निष्कर्ष काढतो: दुसऱ्या फाइलीतला व्हेरिएबल इथे पोचत नाही. म्हणून तो इन्क्लुडची ओळ उचलून फंक्शनच्या आत नेतो. आणि ते चालतं! निष्कर्षावर शिक्कामोर्तब होतं. पुढे कोणीतरी सांगतं की एकच फाइल पुन्हा पुन्हा वाचणं बरं नव्हे, इन्क्लुड-वन्स वापर. तो तसं करतो. आता पहिल्या वाचकाचा दंड बरोबर निघतो, दुसऱ्या वाचकाचा शून्य. फंक्शन तेच, फाइल तीच, दर तोच. इथवर आलेला माणूस संगणकावर रागावतो किंवा स्वतःच्या बुद्धीवर शंका घेतो, आणि दोन्ही अनाठायी आहेत. त्याचा निष्कर्ष तेवढा चुकला आहे. पीएचपीत व्हेरिएबलची हद्द फाइल ठरवतच नाही. हद्द ठरवतं फंक्शन. त्याहून मोठी हद्द आखते ब्राउझरकडून येणारी प्रत्येक विनंती. या दोन रेषा नेमक्या कुठून जातात हे एकदा कळलं, की वरचं सगळं गूढ विरतं.

पीएचपीचा जन्म लक्षात घेतला तर फाइलीला हद्द का नाही ते समजतं. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये सी भाषेत काही छोटी साधनं लिहिली, स्वतःच्या वेबपानावरच्या माहितीपत्राला कोण भेट देतं ते कळावं म्हणून. जून १९९५ मध्ये त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. पुढे इस्रायलमधले अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी पीएचपीचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. सुरुवातीपासून कल्पना एकच होती: एचटीएमएलचं पान लिहायचं, आणि त्यात जिथे काही बदलतं हवं तिथे थोडा कोड पेरायचा. पानाचा माथा आणि तळ प्रत्येक पानात सारखाच, मग तो वेगळ्या फाइलीत ठेवून हवा तिथे ओढून घ्यायचा. म्हणून इन्क्लुडचा नियम असा ठरला की ओढून घेतलेल्या फाइलीतला कोड, इन्क्लुडची ओळ ज्या हद्दीत आहे त्याच हद्दीत चालतो. ती ओळ मुख्य पानात, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर असेल, तर आलेले व्हेरिएबल मुख्य पानाचे झाले. ती फंक्शनच्या आत असेल, तर ते त्या फंक्शनचे, आणि फंक्शन संपलं की तेही संपले.

आता दुसऱ्या वाचकाचा शून्य दंड उलगडतो. पहिल्या हाकेत सेटिंग्जची फाइल फंक्शनच्या आत चालली, $दंडदर त्या हाकेपुरता जन्मला, उत्तर देऊन झाल्यावर नष्ट झाला. दुसऱ्या हाकेत इन्क्लुड-वन्सने पाहिलं की ही फाइल आधी घेऊन झाली आहे, आणि ती पुन्हा चालवली नाही. दर जन्मलाच नाही. ‘वन्स’ हा शब्द फाइल किती वेळा चालली याचा हिशेब सगळ्या पानासाठी एकत्र ठेवतो, व्हेरिएबल मात्र ज्याच्या त्याच्या हद्दीत मरतात.

याच नियमाला एक अपवाद आहे आणि तो माहीत नसला तर गोंधळ वाढतो. ओढून घेतलेल्या फाइलीत फंक्शन किंवा क्लास लिहिलेला असेल, तर तो कुठूनही इन्क्लुड केला तरी सगळीकडे उपलब्ध होतो. स्थिरांकांचंही तसंच. नेमस्पेस वापरला तर क्लास, फंक्शन आणि स्थिरांक यांच्या नावांना आडनाव लागतं, पण व्हेरिएबलवर नेमस्पेसचा काडीचाही परिणाम होत नाही. दोन फाइली वेगवेगळ्या नेमस्पेसमध्ये असल्या आणि दोन्हींत $यादी असली, तर एकाच पानात घेतल्यावर दुसरी पहिलीला पुसून टाकते.

फंक्शनची हद्द इतकी कडक का? सी भाषेत फाइलीच्या वरच्या अंगाला जाहीर केलेला व्हेरिएबल खालच्या प्रत्येक फंक्शनला आपोआप दिसतो. पीएचपीने तसं केलं नाही. आत बाहेरचा व्हेरिएबल हवा असेल तर फंक्शनमध्ये ‘ग्लोबल’ असं लिहून त्याचं नाव घ्यावं लागतं. कारण साधं आहे: पीएचपीत व्हेरिएबल आधी जाहीर करावाच लागत नाही, नाव लिहिलं की तो जन्मतो. अशा भाषेत बाहेरचं सगळं आत दिसत असतं, तर फंक्शनमध्ये सहज लिहिलेल्या $क्रमांकाने बाहेरचा कुणा दुसऱ्याचा $क्रमांक नकळत बदलला असता. जाहीर करण्याची सक्ती नाही, म्हणून आत आणताना नाव घेण्याची सक्ती आहे. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

‘ग्लोबल’ हाताशी आल्यावर मोह होतो की सगळ्या फंक्शनांत तेच लिहावं. दंडदर ग्लोबल, वाचक ग्लोबल, डेटाबेसची जोडणी ग्लोबल. काम चालतं. मग एके दिवशी दंड दुप्पट निघतो, आणि चाळीस फाइलींपैकी कोणत्या फाइलीतल्या कोणत्या फंक्शनने $दंडदर बदलला हे शोधायला सगळा कोड वाचावा लागतो, कारण ज्याने नाव घेतलं त्या प्रत्येकाला बदलण्याचाही अधिकार मिळालेला असतो. हे दुखणं पीएचपीपेक्षा बरंच जुनं आहे. १९५८ च्या फोर्ट्रान २ मध्ये उपकार्यक्रमांनी माहिती वाटून घ्यावी म्हणून ‘कॉमन’ नावाचा सामाईक साठा आला. तिथे तर ओळख नावावरून नव्हे, क्रमावरून पटायची. एका उपकार्यक्रमात क्रम बदलला आणि दुसऱ्यात तसाच राहिला, तर लांबीच्या जागी वजन वाचलं जाई आणि यंत्र तक्रार करत नसे. अल्गोल ६० ने सुरुवात आणि शेवट यांच्यात बंदिस्त असलेल्या ब्लॉकची कल्पना आणली, आणि ब्लॉकमधलं नाव ब्लॉकपुरतंच राहू लागलं. १९७३ मध्ये विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक ठरतात असं ठासून मांडणारा निबंधच लिहिला. त्यांचा युक्तिवाद आजही लागू पडतो: एखादा तुकडा समजून घ्यायला तेवढाच तुकडा वाचून भागलं पाहिजे.

म्हणून दंडाच्या फंक्शनला दिवस आणि दर, दोन्ही हातात द्यावेत आणि उत्तर परत घ्यावं. दिवस पाच, दर दोन, दंड दहा. हे फंक्शन मग कोणत्याही फाइलीत ठेवा, कुठूनही हाक मारा, ते बाहेरच्या कशावरही अवलंबून नाही. तपासणंही सोपं.

पीएचपीत अल्गोलसारखी ब्लॉकची हद्द मात्र नाही, आणि इथे अनुभवी माणसंही ठेचकाळतात. लूपमध्ये जन्मलेला व्हेरिएबल लूप संपल्यावरही तसाच शिल्लक राहतो. एरवी त्रास होत नाही, पण ‘फॉरईच’मध्ये मूळ यादीतलं मूल्य जागेवर बदलता यावं म्हणून व्हेरिएबलच्या आधी अँडचं चिन्ह लावलं, तर लूप संपल्यावरही तो व्हेरिएबल यादीतल्या शेवटच्या घराला चिकटून राहतो. यादीत आशा, बाबू, चिंतामण अशी तीन नावं आहेत. पहिल्या लूपने त्यांच्या मागेपुढच्या रिकाम्या जागा काढल्या. खाली दुसऱ्या, साध्या लूपने तोच व्हेरिएबल वापरून नावं छापली. छापलं जातं: आशा, बाबू, बाबू. चिंतामण गेले. दुसऱ्या लूपने व्हेरिएबलमध्ये आशा ठेवली तेव्हा ती शेवटच्या घरात गेली, मग बाबू ठेवला तोही तिथेच गेला, आणि शेवटच्या घराची पाळी आली तेव्हा तिथे बाबूच होता. पहिल्या लूपनंतर तो व्हेरिएबल ‘अनसेट’ करून मोकळा केला की प्रश्न मिटतो.

फाइल, फंक्शन आणि हद्द यांचा सगळ्यात मोठा सामूहिक गोंधळ वर्डप्रेसमध्ये झाला असेल. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेल्या या प्रणालीवर आज जगातली असंख्य संकेतस्थळं चालतात, मराठी वर्तमानपत्रांपासून गावच्या ट्रस्टपर्यंत. तिच्या थीममध्ये प्रत्येक पानाची एक फाइल असते, आणि माथा आणायला ‘गेट-हेडर’ असं एक फंक्शन बोलवायचं असतं. लेखाच्या पानात माणूस $रंग ठरवतो, पुढच्याच ओळीत माथा बोलावतो, आणि माथ्याच्या फाइलीत $रंग रिकामा! दिसायला हे इन्क्लुडसारखंच आहे, पण ते फंक्शन आहे. ते आतून आणखी एका फंक्शनला हाक मारतं आणि खरं इन्क्लुड तिथे, त्याच्या पोटात होतं. माथ्याची फाइल त्या पोटातल्या हद्दीत चालते. तरीही चालू लेखाचा $पोस्ट मात्र माथ्यात व्यवस्थित दिसतो, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. तो दिसतो, कारण वर्डप्रेसच्या त्या आतल्या फंक्शनने $पोस्टसह ठरावीक काही नावं स्वतःच ग्लोबल म्हणून जाहीर करून ठेवली आहेत. तुमच्या $रंगाचं नाव त्या यादीत असणं शक्यच नव्हतं.

लोकांनी वर्षानुवर्षं यावर आडवाटा काढल्या. कोणी माथ्यात ‘ग्लोबल’ लिहून $रंग ओढला. कोणी तो वर्डप्रेसच्या प्रश्नसूचीत घुसवला, कारण ते आतलं फंक्शन ती सूची उलगडून व्हेरिएबल बनवून देतं. शेवटी ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीत या फंक्शनांना एक जादा जागा मिळाली: सोबत एक यादी द्या, ती पलीकडच्या फाइलीत ठरावीक नावाने मिळेल. हातातून हातात देण्याचा सरळ मार्ग यायला इतकी वर्षं लागली, याचं कारण ‘ग्लोबल’ने भागत होतं हेच असावं.

फंक्शनच्या पोटात इन्क्लुड करण्याची हीच गोष्ट काही जण मुद्दाम करतात. पीएचपीच्या जगात बाहेरचे तयार कोड आणायला कंपोझर नावाचं साधन वापरतात. ते परक्या फाइली एका वेगळ्या फंक्शनच्या आत ओढून घेतं, जेणेकरून त्या फाइलींतले व्हेरिएबल तुमच्या पानात सांडू नयेत आणि तुमचे त्यांच्या हाती लागू नयेत. वर्डप्रेस शिकणाऱ्याला जो नियम छळतो, तोच इथे राखणदार होतो.

सेटिंग्जच्या फाइलीसाठी मला सर्वांत आवडणारी पद्धत पीएचपीत फार आधीपासून आहे, तरी पुष्कळांना माहीत नसते. इन्क्लुड केलेली फाइल फंक्शनसारखं मूल्य परत देऊ शकते. म्हणजे सेटिंग्जच्या फाइलीत एकही व्हेरिएबल जाहीर करायचा नाही. नाव, वर्गणी आणि दंड यांची एक यादी करायची आणि ‘रिटर्न’ने ती परत द्यायची. मुख्य पानात लिहायचं: $सेटिंग्ज बरोबर ती फाइल. आता नाव काय ठेवायचं हे घेणारा ठरवतो, चोरून काही शिरत नाही, आणि ओळ वाचली की माहिती कुठून आली ते दिसतं. इथे साधं ‘रिक्वायर’ वापरावं, ‘वन्स’ नको, कारण दुसऱ्यांदा घेताना ‘वन्स’ यादीऐवजी नुसतं ‘खरं’ असं मूल्य परत देतं. इन्क्लुडऐवजी रिक्वायर का? फाइल सापडली नाही तर इन्क्लुड इशारा देऊन पुढे चालू पडतं, रिक्वायर तिथेच थांबतं. दंडाच्या दराशिवाय वाचनालयाचं पान पुढे चालण्यात काहीच अर्थ नाही. आणि फाइलीचा पत्ता लिहिताना चालू फाइलीचा फोल्डर सांगणारा स्थिरांक पुढे जोडावा. नुसता सापेक्ष पत्ता दिला, तर ज्या पानापासून काम सुरू झालं त्या जागेवरून शोध होऊ शकतो, आणि मग तीच ओळ एका पानात चालते, दुसऱ्यात अडते.

इथपर्यंत हद्दीचं झालं. मुक्कामाचा प्रश्न वेगळा आहे, आणि ‘एका फाइलीतली माहिती दुसऱ्या फाइलीत कशी न्यायची’ असं विचारणारा पुष्कळदा या दुसऱ्याच प्रश्नात अडकलेला असतो. प्रवेशाच्या पानावर वाचकाने नाव लिहिलं, $वाचकात ते आलं. वाचकाने दुवा दाबला, पुस्तकांच्या यादीचं पान उघडलं. तिथे $वाचक नाही. ‘ग्लोबल’ लिहून नाही, प्रवेशाची फाइल इन्क्लुड करूनही नाही. कारण पहिलं पान पाठवून होताच पीएचपीने त्या विनंतीची सगळी स्मृती पुसली. दुसरं पान ही नवी विनंती, कोरी पाटी. फंक्शनमध्ये ‘स्टॅटिक’ लिहून जपलेलं मूल्यही त्या एका विनंतीपुरतंच. वेबचा एचटीटीपी हा मूळ शिरस्ताही तसाच, मागची विनंती कोणाची होती ते न आठवणारा.

दोन विनंत्यांना जोडायचं तर एक धागा ब्राउझरकडेच ठेवावा लागतो. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी त्यासाठी कुकी काढली. पीएचपी ४ पासून सेशनची सोय भाषेतच आली, आणि ती देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखी चालते: वाचकाच्या हाती फक्त क्रमांकाचा बिल्ला, ऐवज सर्व्हरकडे. बिल्ला म्हणजे कुकीतली एक लांबलचक यादृच्छिक अक्षरमाळा. ऐवज म्हणजे सर्व्हरवरची एक छोटी फाइल, जिच्या नावात तीच अक्षरमाळा असते. प्रत्येक पानाने सुरुवातीला सेशन सुरू करायचं, म्हणजे पीएचपी बिल्ला पाहते, फाइल उघडते आणि तिच्यातला मजकूर सेशनच्या यादीत भरते. पान संपताना ती यादी पुन्हा फाइलीत लिहिली जाते.

‘सुरुवातीला’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. कुकी ही उत्तराच्या शीर्षभागात जाते, आणि पानाचा एक जरी बाइट रवाना झाला की शीर्षभाग संपतो. देवनागरीत लिहिणाऱ्यांना याचा एक खास फटका बसत आला आहे. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये फाइल यूटीएफ-८ म्हणून साठवली की तिच्या आरंभी तीन अदृश्य बाइट बसत, बाइटक्रमाची खूण म्हणून. मराठी मजकूर असलेली फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवायला हवी, म्हणजे हे तीन बाइट आलेच. पीएचपी ते इमानाने ब्राउझरकडे पाठवते, आणि पुढच्याच ओळीवरचं सेशन सुरू होईना: शीर्षभाग आधीच गेला असा इशारा येतो. डोळ्यांना फाइलीत काहीच चुकीचं दिसत नाही. भरीला, काही सर्व्हरवर पीएचपी थोडं उत्तर आधी स्वतःकडे साठवून मग पाठवते, त्यामुळे घरच्या संगणकावर सगळं सुरळीत आणि खऱ्या सर्व्हरवर बंद, असंही होतं. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये नोटपॅडने ही खूण मुळातूनच टाळायला सुरुवात केली. इतर संपादकांत ‘खुणेशिवाय यूटीएफ-८’ असा पर्याय निवडावा. पीएचपीच्या आरंभचिन्हाआधीची रिकामी ओळही असाच घात करते, आणि फाइलीच्या शेवटी बंद करण्याचं चिन्ह लिहूच नये अशी जी प्रथा आहे तिचं मूळ हेच.

सेशनचा मुक्काम किती? पीएचपीच्या मूळ मांडणीत १,४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. तितका वेळ ती फाइल कोणी हाताळली नाही तर तिला कचरा समजायला हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष पुसणं नंतर, सवडीने होतं. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं एकाच फोल्डरात सेशन ठेवत असतील, तर ज्याने सगळ्यात कमी मुदत लावली त्याचा झाडू सगळ्यांवर फिरतो. आणखी एक गोष्ट: एका पानाने सेशनची फाइल उघडली की ती कुलूपबंद होते. त्याच वाचकाचं दुसरं पान ते कुलूप निघेपर्यंत थांबतं. वाचनालयाचा मोठा अहवाल तयार होत असताना दुसऱ्या टॅबमध्ये काहीच उघडत नाही, असं दिसलं तर बहुधा हेच. सेशनमधलं काम संपताच ते लिहून बंद करावं, अहवाल मग निवांत तयार होऊ द्यावा.

बाहेरच्या जगातली माहिती आत कुठून येते, या रेषेवर पीएचपीने एकेकाळी फार मोठी सवलत दिली होती आणि तिची किंमत जगभरच्या संकेतस्थळांनी मोजली. पत्त्यात किंवा अर्जात जे नाव येईल, त्या नावाचा ग्लोबल व्हेरिएबल आपोआप तयार व्हायचा. अर्जात ‘शहर’ लिहिलं की $शहर तयार. नवशिक्याला किती सोपं! आता वाचनालयाचं प्रवेशाचं पान पाहा: परवलीचा शब्द जुळला तर $प्रवेश खरा करायचा, आणि पुढे $प्रवेश खरा असेल तर सभासदांची नोंदवही दाखवायची. शब्द जुळला नाही तर $प्रवेशला हात लावलेलाच नाही. मग कोणीही पत्त्याच्या शेवटी प्रवेश बरोबर १ असं जोडलं की वही उघडते. इन्क्लुडचा पत्ता एखाद्या व्हेरिएबलमधून येत असेल, तर परका माणूस त्यात स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता भरून तिथला कोड तुमच्या सर्व्हरवर चालवू शके. म्हणून डिसेंबर २००१ मधल्या ४.१ आवृत्तीने गेट, पोस्ट, कुकी, सेशन अशा वेगळ्या याद्या आणल्या, ज्या ‘ग्लोबल’ न लिहिताही प्रत्येक फंक्शनमध्ये दिसतात पण बाहेरून आलेलं म्हणून ओळखू येतात. २००२ च्या ४.२ मध्ये जुनी सवलत मूळ मांडणीत बंद झाली, आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ती भाषेतून काढूनच टाकली. मधली दहा वर्षं लागली कारण असंख्य जुनी पानं त्या सवलतीवरच उभी होती.

या याद्या सगळीकडे दिसतात म्हणून त्या सगळीकडे वापराव्यात असं नाही. दंडाच्या फंक्शनने थेट पोस्टच्या यादीतून दिवस उचलले, तर ते फंक्शन अर्जाशिवाय कधीच वापरता येणार नाही. पानाच्या दारातच ती माहिती घ्यावी, तपासावी, आणि पुढे साध्या मूल्यांच्या रूपात द्यावी.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस आणलं आणि या दोन्ही रेषा नेमक्या उलट्या झाल्या. नोडच्या मूळ पद्धतीत प्रत्येक फाइल गुपचूप एका फंक्शनमध्ये गुंडाळून चालवली जाते, त्यामुळे तिथे फाइल हीच हद्द. बाहेर काय द्यायचं ते फाइलीने ‘एक्सपोर्ट्स’मधून स्वतः जाहीर करायचं. पण विनंती ही हद्द उरली नाही. एकच प्रक्रिया महिनोन्‌महिने चालू राहते, फाइल एकदाच वाचली जाते आणि तिच्या वरच्या अंगाचा व्हेरिएबल सगळ्या वाचकांत सामाईक होतो. पीएचपीच्या सवयीने कोणी तिथे चालू वाचकाचं नाव ठेवलं, आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत असताना दुसऱ्या वाचकाची विनंती आली, तर पहिल्याच्या पानावर दुसऱ्याने नेलेली पुस्तकं दिसतात. लिहिणारा एकटाच तपासतो, म्हणून त्याला हे कधीच दिसत नाही. दोन वेगळ्या ब्राउझरांतून, एका विनंतीत मुद्दाम काही सेकंदांचा उशीर घालून पाहिलं तरच सापडतं.

आता पीएचपीही या वाटेने निघाली आहे. वेग वाढावा म्हणून स्वूल, फ्रँकेनपीएचपी, लाराव्हेल फ्रेमवर्कचं २०२१ मध्ये आलेलं ऑक्टेन यांसारखी साधनं ॲप्लिकेशन एकदाच स्मृतीत उभं करतात आणि एकामागून एक विनंत्या त्यालाच देतात. तिथे कोरी पाटी मिळत नाही. क्लासमधला ‘स्टॅटिक’ गुणधर्म, जो आजवर पान संपताच निमूट नाहीसा होई, तो आता पुढच्या वाचकासाठी तसाच उभा असतो. ऑक्टेनच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच बजावलेलं आहे की, दीर्घकाळ जगणाऱ्या वस्तूच्या बांधणीत चालू विनंती अडकवून ठेवू नका. त्या वस्तूच्या ज्या मेथडला विनंतीतलं काही हवं असेल, तिला ते हाक मारताना हातात द्या.